खाणमायचं कुंकू

देवीच्या उजव्या गालावर पांढरं आलं होतं.

“बुरशी असन,” पार्बताबाई म्हणाल्या आणि त्यांनी ओल्या फडक्याने ते पुसून घेतलं. खालचा दगड पूर्वीसारखाच पिवळाधमक चमकला. “पाहा. गेली.”

“काल होती का?” मी विचारलं.

“काल बी होती. परवा बी. पुसली का जाते, सकाळी पुन्हा येते. सरावनाचे दिवस हायेत बाई.”

त्यांनी पळीने माझ्या तळहातावर तीर्थ घातलं. मी ते डोळे मिटून प्यायले. खिळा चोखल्यासारखी चव होती. आदल्या आठवड्यातही तशीच होती, पण तीर्थाच्या चवीविषयी बोलू नये म्हणून मी बोलले नव्हते. डोळे उघडले तेव्हा लक्ष देवीच्या कपाळाकडे गेलं. पहाटे लावलेलं कुंकू कडेकडेने पिवळं पडत चाललं होतं.

“पार्बताबाई, कुंकू कोणतं लावलं?”

“तुमचंच. दुसरं कोनतं लावन मी?”

ते खरं होतं. देवीचं कुंकू मीच करून देत असे. हळद आणि चुन्याची निवळी, सावलीत वाळवलेलं. बाजारातली पिंजर खाणमायला चालत नसे.

खाणमाय म्हणजे आमच्या खाणीची देवी. वणीच्या बाजूला ती भूमिगत खाण होती. आता बंद पडली आहे, तोंडाशी बाभळी उगवल्या आहेत. पार्बताबाईंचे यजमान सोमाजी मडावी तिथे छताला लाकडी टेकू लावण्याचं काम करत. तीन नंबरच्या गॅलरीत, म्हणजे आतल्या बोगद्यात, त्यांना कोळशाच्या थरात नारळाएवढा एक गोळा सापडला. जड, सोनेरी, आणि नाकाडोळ्यांचा भास होईल असा. त्यांनी तो उराशी धरून वर आणला आणि खाणीच्या तोंडाशी मांडला. पुढे कामगारांनी वर्गणी काढून देऊळ बांधलं. खाली उतरणारा प्रत्येक माणूस आधी तिथे हात लावून जाई. सोमाजीही लावून जात. एके दिवशी छत बसलं, त्यात ते गेले. तेव्हापासून पूजा पार्बताबाई करत होत्या, आणि देवळामागची खोली समितीने त्यांना राहायला दिली होती.

मी त्याच खाणीच्या प्रयोगशाळेत होते. हस्तकबाई. कोळसा आला की तो कुटायचा, चाळायचा, आणि त्यात पाणी किती, राख किती, तापवल्यावर उडून जाणारं किती आणि खरा कार्बन किती ते सांगायचं. लोकांना वाटतं, कोळसा म्हणजे कोळसा. तसं नसतं. त्यात चिकणमाती असते, वाळू असते, भेगांमध्ये चुनखडीचे पांढरे पापुद्रे असतात. आणि कुठे कुठे लोखंड नि गंधक एकत्र येऊन झालेलं पायराइट असतं, ते सोन्यासारखं दिसतं. कोळसा पूर्ण जाळला की हे सगळं राखेत उरतं. राख विटकरी आली की समजायचं, पोटात लोखंड होतं.

माझे नेम पुष्कळ होते. सोमवार, चतुर्थी, प्रदोष, रोज एक माळ. त्या वर्षी चातुर्मासात मी आणखी एक धरला होता, कुणाचा दोष तोंडाने बोलायचा नाही. प्रयोगशाळेतल्या बाईने असा नेम धरणं अडचणीचं आहे. कोळशाचे दोष सांगायला हरकत नाही, असं मी आषाढी एकादशीलाच ठरवून घेतलं.

देवीला हे असं पूर्वी कधी झालं नव्हतं. कारण पूर्वी तिच्यावर शेंदराचा जाड थर होता. सोमाजींनीच पहिल्यापासून तेल-शेंदूर चढवलेला. त्या उन्हाळ्यात तो थर तडकला आणि अंड्याच्या टरफलासारखा गळून पडला. देवीने कात टाकली म्हणून खाणीत पेढे वाटले गेले. आतला दगड असा झळकला की नवा शेंदूर चढवायला कुणी तयार होईना. “सोन्याची माय आहे, तिला झाकून काहून ठेवायची?” असं सगळ्यांत आधी बोढेवहिनी म्हणाल्या होत्या. तेव्हापासून देवी उघडी होती आणि रोज उघड्या अंगावर पाण्याचा अभिषेक चालला होता.

बोढेवहिनी म्हणजे बोढे ओव्हरमनच्या पत्नी. ओव्हरमनच्या हाताखाली अख्खी पाळी असे, आणि वहिनींच्या हाताखाली अख्खी कॉलनी.

श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीच्या पूजेला बायका जमल्या आणि देवीचं कपाळ सगळ्यांनी पाहिलं. एव्हाना कुंकू दुपारपर्यंतही टिकत नव्हतं. मध्ये हळदीसारखा पिवळा डाग आणि भोवती पांढरा फुलोरा. देवीच्या लुगड्याचा काठही खालून विरून भोकं पडली होती.

“उंदीर आहे वाटते,” कोणी तरी म्हणालं.

“उंदीर कुंकू खाते काय?” बोढेवहिनी म्हणाल्या. मग त्या पार्बताबाईंकडे वळल्या. “कुंकू कोण लावते देवीला?”

“मीच लावतो जी. तुमाले मालूम आहे.”

“मालूम आहे म्हणूनच विचारून राहिली. कुंकू हस्तकबाईंचं आहे, चांगलं आहे. पाणी विहिरीचं आहे, चांगलं आहे. मग राहिलं काय? हात राहिला.”

पार्बताबाईंनी हात पाठीमागे घेतले.

“ज्या हाताचं सोतःचं कुंकू टिकलं नाही, त्या हाताचं देवीले कसं टिकन?” वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. भाजीत मीठ जास्त झालं आहे हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. “आपले माणसं रोज इथं हात लावून खाली उतरतात. देवीचं कुंकू पिवळं आणि आपण गप बसायचं? मी समितीत सांगतो. नवरात्राच्या आत दुसरी बाई पाहा म्हणतो.”

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. प्रत्येकीचा कोणी ना कोणी खाली होता.

पूजा करणारी बदलली म्हणजे खोलीही बदलणार, हे कुणी बोललं नाही. पार्बताबाईंना ते कळलं असावं. बायका गेल्यावर त्या ताम्हन घासत बसल्या. ताम्हन मुळातच लखलखीत होतं. गेले दोन महिने ते न घासताच लखलखत होतं, असं त्याच मला म्हणाल्या होत्या आणि देवीची कृपा म्हणून हात जोडले होते.

“बाई, खरंच माह्या हातानं होत असन का?” त्यांनी मला विचारलं.

“मला थोडं पांढरं काढून द्याल? कागदावर?”

“देवीचं?”

“देवीला विचारून घ्या.”

त्या आत गेल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. मग कागदाची पुडी घेऊन आल्या. “देते म्हनते,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत देवीची क्षमा मागून तीर्थात लिटमस बुडवला. लाल झाला. पांढरं पाण्यात विरघळवलं, त्यात लोखंड दाखवणारा द्राव घातला. गर्द निळा रंग आला. अगदी श्रीकृष्णासारखा, पण मी त्यातून काही अर्थ काढला नाही. पायराइटला ओल आणि हवा लागत राहिली की ते फुलतं आणि आम्ल सोडतं. आम्लाने तांबं उजळतं, सुती काठ विरतो, आणि चुन्याने लाल झालेली हळद पुन्हा पिवळी होते. यात विधवेचा हात कुठेच येत नव्हता.

तीर्थ वेगळ्या तांब्यातून द्यायला मी त्याच दिवशी पार्बताबाईंना सांगितलं. अभिषेक थांबवायला मात्र त्या तयार होईनात. “माह्या मालकानं सांगतलं होतं, आंघोळीबिगर ठेवू नको तिले. थे नाहीत म्हनून मी तिले पारोशी ठेवू?”

मग मी समितीचे चिटणीस निखाडे यांच्याकडे गेले. ते हजेरीबाबू होते. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

“बाई, म्हणजे तुम्ही देवीला पायराइट म्हणून राहिल्या?”

“दगड पायराइटचा आहे, असं म्हणते.”

“मग देवी नाही?”

“असं मी म्हटलं नाही.”

“लोक असंच ऐकतील. चारशे माणूस खाली जाते तिच्या भरवशावर. उद्या एखादा पाय घसरून पडला तर म्हणतील, हस्तकबाईनं देवीला ॲसिड म्हटलं.” त्यांनी चष्मा पुन्हा घातला. “दुसरं काही सांगा. तुम्ही एवढे उपासतापास करता, तुम्हाला सुचन.”

देवी कशाची आहे आणि देवी आहे की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. दुसरा तपासायची रीत आमच्या प्रयोगशाळेत नव्हती. मी माळ ओढत दोन दिवस विचार केला.

समिती बसली तेव्हा मी उभी राहिले. माझा आवाज मुळात लहान. निखाड्यांना दोनदा “शांत बसा” म्हणावं लागलं.

“तीन नंबरच्या गॅलरीतूनच दुसरा तसाच दगड आणावा,” मी म्हणाले. “एखाद्या सुवासिनीने तो घरी मांडून, सोवळ्याने, रोज अभिषेक करून देवीचंच कुंकू लावावं. नवरात्राच्या आधी सगळ्यांनी पाहावं. कुंकू लाल राहिलं तर हात बदला. पिवळं पडलं तर दगडाचीच तशी जात आहे असं समजू.”

“कोणती सुवासिनी?” कोणी तरी विचारलं.

“बोढेवहिनींपेक्षा कडक सोवळं कॉलनीत कुणाचं आहे?”

हे मी मनापासून म्हटलं होतं. वहिनींनी पदर सावरला. “देवीचं काम आहे, नाही कसं म्हणू?” त्या म्हणाल्या.

बोढे ओव्हरमननी तीन-चार गोळे वर आणले. त्यातला सगळ्यात चमकदार मी हातात तोलून निवडला. एवढासा दगड, पण हात खाली ओढणारा. कोळसा त्यापुढे फुलासारखा हलका. वहिनींनी ताटात तांदूळ घालून त्यावर तो ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि वाजतगाजत घरी नेला.

मी निर्धास्त झाले. पायराइटला सुवासिनी ओळखता येत नाही.

भाद्रपद गेला. मध्ये दोन-तीनदा मी वहिनींना वाटेत विचारलं, “दगड कसा आहे?” “आहे,” त्या म्हणत. दर्शनाला कुणाला घरात घेत नव्हत्या. सोवळ्यात विटाळ नको म्हणत. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की त्या फाटकात येऊन उभ्या राहत आणि बोढे सायकलवरून दिसले की आत जात. पूर्वी तसं नव्हतं.

सर्वपित्रीच्या दुपारी समिती बसली. अमावास्येला निर्णय नको, असं एकजण म्हणाला. उद्या घट बसायचे आहेत, आज नाही तर कधी, असं निखाडे म्हणाले. पार्बताबाई दाराशी बसल्या होत्या. सतरंजीवर नाही, फरशीवर.

वहिनींनी ताट आणून मध्ये ठेवलं. दगडाला नेसवलेलं होतं, तेवढा चेहरा उघडा. चेहरा पिवळाधमक. त्यावर कुंकवाची आडवी बोटं, आत्ता लावल्यासारखी लालभडक.

सभेतून “वा” असा आवाज निघाला.

“मी काही केलं नाही,” वहिनी म्हणाल्या. “रोज पूजा केली, बस.” त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

“बाई, तुम्ही पाहून घ्या,” निखाडे मला म्हणाले. “तुमचीच परीक्षा होती.”

मी हात जोडून दगड उचलला. तो सहज वर आला. इतका सहज की माझा हात गरजेपेक्षा वर गेला. अंगठ्याखाली सोनेरी रंग किंचित सरकला. गणपतीच्या मखराला लावतात ती बेगड होती. तिच्याखाली साधा कोळसा होता. चांगल्या प्रतीचा. राख कमी असावी.

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. ते उच्चारलं असतं तर पार्बताबाईंची खोली तिथेच वाचली असती. पण ते दुसऱ्याच्या दोषाचं वाक्य होतं, आणि कार्तिकी एकादशीला अजून अवकाश होता. शिवाय वहिनींचे हात ताटाच्या काठावर थरथरत होते. लबाडी करणाऱ्या माणसाचे हात असे थरथरत नाहीत, असं मला वाटलं. मी दगड खाली ठेवला.

“कुंकू लाल आहे,” मी म्हणाले.

“मग?”

“मग ठरल्याप्रमाणे. उद्या घटस्थापनेला देवीला अभिषेक आणि कुंकू वहिनींनीच करावं. सगळ्यांसमोर. आणि पुढेही रोज त्यांनीच.”

टाळ्या पडल्या.  वहिनींनी ताट उचललं, ते निखाड्यांच्या गुडघ्याला लागलं. दाराशी पार्बताबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. जाताना त्या माझ्याजवळ थांबल्या.

“बाई, तुमी तं म्हनलं होतं का दगडाची जात आहे.”

“आहे.”

“मंग?”

देवीवर वहिनींच्या हातचंही पिवळंच पडणार, हे सांगायचं तर बेगडही सांगावी लागली असती. त्या गेल्या. खिडकीतून दिसलं, त्या खोलीतली चूल बाहेर काढून ठेवत होत्या.

दिवेलागणीला माझ्या दारावर थाप पडली. वहिनी होत्या. हातात भाजीची पिशवी, वर मेथीची जुडी. आत आल्या, दार लावलं, जुडी बाजूला केली. पिशवीत तळाशी खरा दगड होता. सगळ्या अंगावर पांढरा फुलोरा आणि कपाळावर पिवळा डाग.

“तुम्हाला समजलं होतं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मग बोलल्या काहून नाही?”

“नेम आहे.”

“कसला नेम?”

मी सांगितला. त्या पाटावर बसल्या. मग म्हणाल्या, “तिसऱ्याच दिवशी पिवळं पडलं. मी धुतलं, पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. मी कोणाला सांगू? मी तोंडानं बोलली न, भर बायकांत, का ज्या हाताचं कुंकू टिकत नाही… आता माझ्याच हाताचं टिकत नाही. हे रोज खाली जातात बाई. रोज मी इथं पिवळं पाहतो आणि भोंग्याची वाट पाहतो. परवा पाळीला उशीर झाला तर माझी दातखिळी बसली.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “तुमचं काय, तुम्हाला कुंकवाची धाकधूक नाही. तुम्ही लग्नच केलं नाही, ना सवाष्ण ना विधवा. खरं सांगा. माझ्याकडून काय झालं? कोणतं पाप आहे?”

मी उठून करंड्यातलं चिमूटभर कुंकू बशीत घेतलं आणि त्यावर लिंबू पिळलं.

कुंकू पिवळं झालं.

वहिनी पुढे वाकल्या. मी पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन त्यात कालवला. पुन्हा लाल झालं. परत लिंबू पिळलं. पिवळं.

“थांबा,” त्या म्हणाल्या. त्यांनी लिंबाची दुसरी फोड स्वतः घेतली, दुसऱ्या बशीत स्वतः कुंकू घेतलं, आणि पिळलं. बघत राहिल्या. मग चुना मागितला.

“दगडात लिंबू आहे?”

“लिंबासारखं आंबट. लोखंड आणि गंधक आहे त्यात. पाणी लागलं की आंबट सुटतं. कुणीही पाणी घातलं तरी.”

“मी घातलं तरी?”

“तुम्ही, मी, काशीहून ब्राह्मण आणला तरी.”

“म्हणजे माझा दोष नाही.”

“नाही.”

त्यांनी मोठा श्वास सोडला.  मी बशा विसळायला घेतल्या.

“आणि तिचा?” त्यांनी हळू विचारलं.

“दगड एकाच थरातला आहे, वहिनी.”

त्यांनी दगड पुन्हा मेथीखाली झाकला. निघताना दारात वळून म्हणाल्या, “लाल ठेवायचं असलं तर? काही उपाय असन न?”

“दगड कोरडा करून मेणाचा हात द्यायचा. वर तेल-शेंदराचा थर, सोमाजी चढवत तसा. अभिषेक समोरच्या सुपारीवर करायचा. मग कुंकू राहील.”

“राहील?”

“राहील.”

त्या गेल्यावर मी माळ घेऊन बसले आणि अर्ध्या माळेला माझ्या लक्षात आलं की मी काय केलं होतं. उद्या चारशे माणसांपुढे वहिनी मेण लावतील, शेंदूर चढवतील, कुंकू लावतील, आणि ते लाल राहील. त्यांच्या हातचं लाल राहील. पार्बताबाईंची चूल बाहेर निघालीच होती. माळ मध्ये सोडायची नसते म्हणून पूर्ण केली.

सकाळी देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या पाळीची माणसं डोक्यावर टोप्या, कमरेला दिव्याच्या पेट्या बांधून उभी. पार्बताबाई एका कडेला, काखेत बोचकं. खोलीची किल्ली त्यांनी उंबऱ्यावर ठेवली होती.

वहिनी जरीचं लुगडं नेसून आल्या. कोरड्या फडक्याने त्यांनी देवीचं सगळं अंग टिपून घेतलं. शांतपणे, कोपरान् कोपरा. मेणाचा हात दिला. शेंदूर तेलात कालवून चढवला. सोनं झाकलं गेलं तशी गर्दीत थोडी कुजबुज झाली.

“काहून झाकता वहिनी?” निखाड्यांनी विचारलं.

“बाईमाणसानं उघडं राहू नये,” वहिनी म्हणाल्या. 

मग त्यांनी करंडा उघडला. चिमूट घेतली. हात देवीच्या कपाळापर्यंत नेला आणि तिथेच थांबवला. मी मागे खांबाला टेकले होते. त्या माझ्याकडे वळतील असं वाटलं. वळल्या नाहीत.

“पार्बते,” त्या म्हणाल्या. “इकडं ये.”

पार्बताबाई जागच्या हलल्या नाहीत.

“ये म्हटलं न. बोचकं ठेव खाली. माझे गुडघे दुखतात, मला रोज रोज इथं वाकणं व्हायचं नाही. तुझं काम तू कर.”

“पन समितीनं…”

“समितीचे गुडघे दुखतात काय? समितीले काय समजते?” वहिनी निखाड्यांकडे पाहून म्हणाल्या. निखाडे चष्मा पुसू लागले.

“वहिनी,” गर्दीतून एक बाई म्हणाली, “पण तिच्या हाताचं पिवळं पडते न?”

“माझ्या बी हाताचं पडलं,” वहिनी म्हणाल्या. “तिसऱ्याच दिवशी. काल तुम्ही पाहिला थो दुसरा दगड होता.”

खाणीच्या उताराच्या तोंडाशी दोरखंडाचं चाक करकरलेलं ऐकू आलं. बोढे ओव्हरमन पाळीच्या माणसांपुढे उभे होते. ते खाली पाहू लागले.

पार्बताबाई आल्या. बोट कुंकवात बुडवलं आणि देवीला लावलं. ओल्या शेंदरावर ते नीट उठून दिसेना, म्हणून पुन्हा लावलं. बोटावर उरलेलं त्या सवयीने भिंतीला पुसायला गेल्या. दहा वर्षं त्या तिथेच पुसत होत्या. भिंतीवर तेवढाच एक लाल पट्टा होता.

वहिनींनी त्यांचं मनगट धरलं. आणि आपलं कपाळ पुढे केलं.

“बाई, मी?” पार्बताबाईंनी हात सोडवून पाहिला. “तुमचे मालक समोर उभे हायेत. असं नोका करू.”

“लाव. मागं लोक ताटकळले आहेत.”

वहिनींनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. सुई टोचून घेताना मिटतात तसे. पार्बताबाईंचं बोट त्यांच्या कपाळाला लागलं आणि लगेच मागे आलं. कुंकू जरा तिरपं लागलं.

मग माणसांची रांग हलली. एकेकाने देवीच्या पायाला हात लावला आणि खाली गेला. बोढेही गेले. जाताना त्यांनी बायकोच्या कपाळाकडे पाहिलं.

मी प्रयोगशाळेत गेले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आले तेव्हा पार्बताबाईंची चूल आत गेलेली होती आणि धूर निघत होता. वहिनी देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. घरी गेल्याच नव्हत्या. उपास होता, तरी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. त्यांची नजर उताराच्या काळ्या तोंडावर होती. पार्बताबाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर वाती वळत होत्या. 

“वहिनी, घरी जाऊन या,” मी म्हणाले. “लिंबू आणि चुना. काल पाहिलं ना तुम्ही?”

“पाहिलं,” त्या म्हणाल्या. “समजलं बी.” आणि हलल्या नाहीत.

मीही मग तिथेच बसले.

भोंगा झाला. माणसं वर येऊ लागली, काळी, एकामागून एक, उजेडाला डोळे बारीक करत. ओव्हरमन सगळ्यांच्या शेवटी येतो. दरवेळी एक चेहरा उजेडात आला की वहिनी किंचित उठत आणि पुन्हा बसत. पार्बताबाईंच्या हातातली वात वळायची थांबली होती.

बोढे आले. बायकोला पाहताच जागीच थबकले. त्या खाणीत बायका तोंडाशी येऊन उभ्या राहत त्या एकाच कारणासाठी. त्यांनी टोपी काढली.

“कोण गेलं?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही,” वहिनी म्हणाल्या. त्या उठल्या, लुगडं झटकलं. “चला घरी. साबुदाणा भिजून लगदा झाला असन.”